काचेमागचं कार्ड

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागला की आमच्या समुद्रपुरात माणसं एकमेकांशी नीट बोलत नाहीत. बस स्टँडवर सावलीवरून भांडणं होतात, कूलरच्या टाकीत पाणी कोणी ओतायचं यावरून जावा-जावा अबोला धरतात, भर दुपारी रस्त्यावर फक्त एसटी आणि कुत्री दिसतात, आणि कुत्रीसुद्धा चिडलेली असतात. मीही चिडते, पण माझं कारण ऊन नाही. इकडे सूर्य रोहिणीत शिरला की त्याच सुमाराला तिकडे तैवानात कॉम्प्युटरच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरतं. त्याचे फोटो जगभर जातात, आणि ते पाहिले की मला माझा मोठा भाऊ आठवतो. आठवला की डोकं तापतं. यंदाही ते फोटो माझ्या फोनवर न मागता आले. फोनलाही आमच्या घरचं खूळ लागलेलं दिसतं.

गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मला ते जमत नाही. दादा गेला तोही नवतप्यातच, दुपारी, स्टुडिओतल्या खुर्चीवर बसल्या बसल्या, छातीत कळ येऊन. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. घरात रडारड चालू होती, आणि रोहण्याहून आलेल्या आत्याने, म्हणजे बाबांच्या बहिणीने, डोळे पुसून विचारलं, "फोटो कुठी हाय याचा? हार कशाले घालाचा?" मी रडता रडता थांबले. कारण फोटो नव्हता. ज्या घरावर फोटो स्टुडिओची पाटी, ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याची लग्नं, बारशी आणि निरोप समारंभ काढले, त्याचा स्वतःचा धड एक फोटो घरात नव्हता. तेरवीच्या आत तो कुठून तरी आणायचा होता. ते काम माझ्याकडे आलं, कारण लग्न होऊन मी गावातच राहिलेली आणि स्टुडिओत अल्बम चिकटवणारी मीच.

मी म्हटलं, असं कसं नसेल, शोधते. शोधायला लागले तसतशी जास्तच चिडत गेले. मतदार ओळखपत्रावरचा फोटो आत्याला दाखवला तर ती म्हणाली, "हा कोण व?" कॉलेजातला एक पासपोर्ट साइज सापडला, त्यात कानांवर केस आणि ओठावर कोवळी मिशी, त्याला हार घातला असता तर लोकांनी विचारलं असतं, कोणाचं पोरगं गेलं म्हणून. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या जाडजूड अल्बमात दादा एकाच ठिकाणी आहे. स्टेजच्या कडेला लाइटचा दांडा धरलेला एक हात, मनगटावर घड्याळ. बाकी सगळीकडे तो कॅमेऱ्यामागे. त्याला कधी म्हटलं की उभा राहा, एक काढते, तर म्हणायचा, "रोल वाया नको घालवू सुमे, पार्टीचे काढाचे हायेत." पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. पुढे डिजिटल कॅमेरा आला, रोल संपला, तरी हेच. "माह्यं थोबाड काय पाहाचं," म्हणायचा.

आणि गंमत अशी की हाच माणूस वर्षानुवर्षं फोटोंत डोकं खुपसून बसलेला असायचा. माणसांच्या नव्हे, कार्डांच्या.

सुरुवात तशी रास्त कारणाने झाली होती. नव्वदच्या दशकात शेवटी शेवटी लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटचं मिक्सिंग कॉम्प्युटरवर होऊ लागलं. फुलांतून नवरी निघाली पाहिजे, बदामात नवरदेव बसला पाहिजे, अशी लोकांची मागणी. त्यासाठी कॉम्प्युटरच्या पोटात एक बरं ग्राफिक्स कार्ड बसवावं लागतं. पडद्यावर चित्र उमटवणारी वीतभर लांबीची पाटी असते ती. दादा नागपूरला जाऊन घेऊन आला. खोकं नवं कोरं होतं, आतलं कार्ड मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या जातीचं, वर नावाची चिकटपट्टी बदललेली. ते लक्षात यायच्या आत एका लग्नाची कॅसेट बिघडली. ऐन मंगलाष्टकांत नवरीच्या तोंडावर चौकटी आल्या. तिचे काका स्टुडिओत येऊन जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी दादा म्हणाला, "आता डोयानं पाहूनच सांगन, कोणतं कार्ड हाय थे. कोणी फसवून दाखवावं मले."

इथपर्यंत मला मान्य होतं. माणसाने धंद्याचं शिकावं. पण तो तिथे थांबला नाही. गावात इंटरनेट आलं, आणि दादाला परदेशी माणसांचा एक अड्डा सापडला. एक फोरम. तिथे ही सगळी मंडळी एकच उद्योग करायची. बाजारात अजून न आलेलं कार्ड प्रदर्शनाच्या फोटोत कुठे कोपऱ्यात दिसलं, की ते कोणतं आहे हे ओळखायचं.

याच्यात ओळखायचं काय, असं मीही विचारलं होतं. तर त्याचं शास्त्र असं. मुख्य चिप बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या. त्या चिपा घेऊन तैवानातले कारखाने आपापली पाटी बनवतात, आपापला पंखा बसवतात, आपापला रंग देतात. डाळ सगळीकडे तुरीचीच, पण दर घरचं वरण वेगळं, तसं. ही घरगुती वरणं प्रदर्शनात आधीच मांडलेली असतात. पण मोठ्या कंपनीचा हुकूम असतो, अमुक दिवसापर्यंत नाव सांगायचं नाही. म्हणून कारखानेवाले कार्ड काचेच्या पेटीत ठेवतात आणि नावावर काळी पट्टी चिकटवतात. आता ज्याचं नाव सांगायचं नाही ते मांडावं कशाला, हा सरळ प्रश्न. तो जगात मला सोडून कोणाला पडला नाही.

त्या काळात आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारची वीज जायचीच. फोनच्या तारेवरून इंटरनेट, त्याचं ते किंचाळणं, आणि मग फोटो वरून खाली एकेक रेघ उतरायचा. आधी काचेच्या पेटीची कड, मग पंख्याचा वरचा भाग, मग अर्धा पंखा, आणि नेमकी खालची बाजू दिसायच्या आत लाइन जायची. कूलर थांबायचा, कॉम्प्युटर थांबायचा, दादा मात्र पडद्याकडे तसाच बघत बसायचा. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. मी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारत म्हणायची, "अरे बंद झालं नं थे." तो म्हणायचा, "थांब, मले आठवून राह्यलं." जे दिसलंच नाही ते काय आठवणार, डोंबल.

लाइन आली की पहिलं काम फोटो आपल्या कॉम्प्युटरात उतरवून ठेवायचं. हा त्या अड्ड्याचा नियमच होता. कारखान्याला पत्ता लागला की फोटो त्या पानावरून काढायला लावायचे, म्हणून दिसला की आधी साठवा, मग भांडा, आणि साठवलेलं कधी पुसायचं नाही. दुसरा नियम दादाचा लाडका. फोटो सरळ समोरून काढलेला पाहिजे. चिपेच्या भोवती पंखा बसवायची चार भोकं असतात. त्यांच्यातलं अंतर कळलं की आतली चिप कळते. कार्डाच्या टोकाला मॉनिटरची वायर खोचायची जागा असते, ती सगळ्या जगात एकाच मापाची. तिच्यावरून हिशोब लावायचा. दादा पडद्याच्या काचेवर शाळेतली प्लास्टिकची पट्टी लावून मापं घ्यायचा. फोटो तिरका असला की माप चुकतं. मग तो चिडून आपल्या मोडक्या इंग्रजीत लिहायचा, "नो अँगल. प्लीज स्ट्रेट." दर वर्षी तेच. जगाच्या पाठीवर कोणी तरी तिरका फोटो काढायचं, आणि समुद्रपुरात आमच्या दादाचं जेवण गार व्हायचं.

तिथे त्याने नाव घेतलं होतं 'समुद्र', गावावरून. फिनलंडचा एक जण होता, दादासारखाच, बहुतेक त्याच्याही घरचे कंटाळलेले असावेत. त्याने एकदा विचारलं, तुझ्या घरातून समुद्र दिसतो का. दादाने उत्तर लिहिलं, "नो सी. ओन्ली बस स्टँड." त्यानंतर दोघांची घट्ट मैत्री झाली.

मे महिन्यात लग्नसराई म्हणून आत्या रोहण्याहून यायची आणि आमच्या स्टुडिओत कूलरसमोर ठाण मांडायची. हातात लोकांचे न नेलेले अल्बम. तिचाही तोच उद्योग, फक्त ती माणसं ओळखायची. एका बाजूला दादा पडद्याला नाक लावून, दुसऱ्या बाजूला आत्या अल्बमाला नाक लावून, आणि मध्ये मी डिंकाने बरबटलेली, हे दृश्य मला अजून डोळ्यांपुढे दिसतं.

"सुमे, हे हिरव्या साडीवाली कोणाची पोर हाय व?"

"मले काय माहीत आत्या. गिरडचं वऱ्हाड होतं."

"नाक पाह्य. हे नाक गिरडच्या त्या कापडवाल्याच्या घरचं. त्याच्या मायचं असंच होतं, बसकं. पण पोरगी चांगली दिसून राह्यली. पमोद, तू गेलता नं या लग्नाले? बोलली का हे पोरगी तुह्याशी?"

"आत्या, थांब नं. मले भोकं मोजू दे."

"कायची भोकं?"

"पंख्याच्या भवतालची. त्याच्यावरून समजते आत काय हाय थे."

"आन् समजून काय होते?"

दादाने मान वर केली. खरोखर विचार केला आणि म्हणाला, "समजते."

"अरे पण थे दुकानात नाई, तुले भेटत नाई, तं ओळखून काय फायदा?"

"तू बी तं लोकायच्या पोरी ओळखून राह्यली आत्या. तुले काय भेटते?"

"मले समाधान भेटते."

"मग मले बी थेच."

आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "पागल हाय हा." आणि पुढचं पान उलटून पुन्हा अल्बमात शिरली. त्या दोघांची नाकं एकसारखीच होती, लांब आणि टोकाशी जराशी डावीकडे वळलेली, फोटोवर टेकायला सोयीची.

एका वर्षी तर कहर झाला. काळ्या रंगाचं एक भलंमोठं कार्ड प्रदर्शनात दिसलं आणि सगळा अड्डा त्याच्यावर तुटून पडला. दादा म्हणे अमुक चिप, फिनलंडवाला म्हणे तमुक. दोघांत बोलाचाली झाली. शेवटी कळलं की ते कार्डच नव्हतं. नुसतं पोकळ खोकं, मांडायला केलेलं, आत काहीच नाही. मला इतकं हसू आलं की डिंकाची बाटली सांडली. दादा शांतपणे म्हणाला, "खोटं हाय हे बी आम्हीच ओळखलं नं." 

हसायचं सोडा, माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. इतकी कार्डं ओळखणाऱ्या माणसाने स्वतःच्या कॉम्प्युटरात नवं कार्ड बसवलं नाही. मिक्सिंगचं मशीन अडकायचं, बदामातला नवरदेव बदामातच थिजायचा, पार्टी बाकावर बसून पाय हलवायची. मी म्हणायची, आता तरी आण. तो म्हणायचा, "थांब, नवीन येऊन राह्यलं. आत्ता घेतलं तं पस्तावा होईन." नवीन आलं की त्याच्या पुढचं फोटोत दिसलेलं असायचं. आत्याने स्थळ आणलं तरी हेच, "थांब नं आत्या, येवढा सीजन जाऊ दे." कापडवाल्याच्या त्या पोरीचं लग्नही आम्हीच काढलं. दादानेच काढलं. छान आले होते फोटो. माणूस एवढं 'थांब थांब' करतो तेव्हा त्याला वाटतं, आपल्यासाठी सगळं थांबलेलंच आहे. मला ते तेव्हाही सहन होत नव्हतं, आता तर अजिबातच होत नाही.

मग तो नागपूरचा उन्हाळा. नागपुरात कुठल्याशा हॉलमध्ये कॉम्प्युटरवाल्यांनी एक छोटं प्रदर्शन भरवलं होतं. दादा नवा डिजिटल कॅमेरा घेऊन सकाळच्या बसने गेला आणि संध्याकाळी हायवेवरच्या जाम गावच्या चौरस्त्यावरून उभ्याने प्रवास करत परत आला. चेहरा उन्हाने काळवंडलेला, पण चालणं वऱ्हाडातल्या करवल्यासारखं. एका दुकानदाराच्या स्टॉलवर, काचेच्या पेटीत, मुंबईहून नमुन्याला आलेलं एक कार्ड होतं. दोन पंख्यांचं. नावावर काळी पट्टी. जगात कोणीच न पाहिलेलं. इतकी वर्षं लोकांच्या प्रदर्शनांचे फोटो चाळले, आणि आता पहिल्यांदा फोटो आपला. "सुमे, पाह्य," म्हणत त्याने तो पडद्यावर उघडला, आणि पाहता पाहता त्याचा चेहरा पडला.

कार्ड स्वच्छ आलं होतं. अगदी सरळ. पण डाव्या पंख्याच्या जागी, पंख्याएवढाच, दादा होता. काचेत पडलेला. फ्लॅश मारायची बंदी म्हणून हात हलू नये यासाठी कॅमेरा छातीशी टेकवलेला, वर उघडा चेहरा, अंगात उन्हाचा पांढराफटक सदरा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते त्याला दिसलंच नव्हतं.

आता, काचेपुढे सरळ उभं राहून फोटो काढू नये हे आमच्या धंद्यातलं बिगरीतलं ज्ञान. लोकांच्या घरी तसबिरीचा फोटो काढतानाही दादा बाजूला सरकून काढायचा, आणि मी सरकले नाही तर मला टोचायचा. मी म्हटलं, "तिरकं नाई उभं राहता आलं? तुले माहीत नाई काय काच हाय थे?"

"माहीत होतं नं," तो म्हणाला. "पण तिरका काढला असता तं भोकं मोजता नसती आली."

म्हणजे चूक कळत असून केली. एका धंद्याचा नियम पाळायला दुसऱ्याचा मोडला. अशी चूक जगात हाच करू जाणे. त्याने फोटो तसाच फोरमवर टाकला. फिनलंडवाल्याचं उत्तर आलं, "गुड फेस. प्लीज मूव्ह." दादा दुसऱ्या दिवशी पुन्हा नागपूरला निघाला होता, काचेत दिसू नये म्हणून काळा सदरा घालून, त्या आगीत. तेवढ्यात कळलं की दुकानदाराला मुंबईहून बोलणी बसली आणि त्याने कार्ड उचलून ठेवलं.

त्यानंतर उरलेला उन्हाळा आमच्या स्टुडिओत जे चाललं ते पाहून मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. ज्या कॉम्प्युटरवर दादा नवऱ्या मुलींच्या गालावरचे फोड पुसायचा, एका स्टेजवरच्या फोटोतून दारू पिऊन उभा राहिलेला नवरदेवाचा अख्खा साळा त्याने काढून टाकला होता, त्याच कॉम्प्युटरवर तो स्वतःचा चेहरा पुसत बसला. थोडा कपाळाचा भाग. मग डोळे. मग नाक. रोज थोडं थोडं, सफाईने, आणि रोज त्याच नावाने जुन्या फोटोवर साठवायचा. मी म्हणायची, "अरे जे फोटोत आलंच नाई, थे पुसून कसं निघन?"

"हाय नं आत," तो म्हणायचा. "माह्यामागं हाय थे. मी मधात आलो फक्त."

ते कार्ड कोणतं होतं, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. पुढे तो फोटो मागे पडला, नवे आले, आणि आमची भांडणंही नव्या फोटोंवरून होऊ लागली. मध्ये काही नवतपे गेले. आणि मग तो नवतपा आला, ज्यात आत्याने विचारलं, हार कशाले घालाचा.

सगळे अल्बम उपसून झाल्यावर मला तो नागपूरचा फोटो आठवला. आठवला तेव्हा मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते, तशीच पिठाच्या हातांनी स्टुडिओत धावले. दादाच्या कॉम्प्युटरवर फोटो होता. उघडला. दोन पंखे, काळी पट्टी, भोकं. दादा नव्हता. डाव्या पंख्यावर नुसता एक फिकट लांबट डाग, तोही माहीत असलेल्यालाच दिसेल असा. जुनं काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं त्याने, आणि कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर तर त्यानंतर कितीतरी लग्नं येऊन गेली होती. आयुष्यात एक फोटो धड आला, तो स्वतःच्या हाताने पुसून टाकला. मी त्या खुर्चीत, त्याच खुर्चीत, बसून त्याला मोठ्याने शिव्या दिल्या. आत्या दारात येऊन उभी राहिली. मग मला रडू आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही.

डोळे पुसल्यावर फोरम उघडला. दादाच्या नावाचं खातं तिथे अजून उघडंच होतं. त्याचं ते जुनं पान सापडलं. खाली सगळ्यांची भांडणं जशीच्या तशी, "गुड फेस"सुद्धा. वर फोटोच्या जागी मात्र रिकामी चौकट. इतक्या दिवसांनी तिथले फोटो टिकत नाहीत म्हणे. मी फिनलंडवाल्याला लिहिलं. माझं इंग्रजी दादापेक्षाही मोडकं. लिहिलं की मी समुद्र नाही, त्याची बहीण आहे. समुद्र वारला. तुझ्याकडे तो नागपूरचा फोटो असला तर पाठव. पुसलेला नको, चेहरावाला पाहिजे. पाठवून दिल्यावर मनात आलं, कोण कुठला परका माणूस, ज्या फोटोवर त्याने 'जरा बाजूला हो' म्हटलं होतं तो सांभाळून कशाला ठेवेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लाइन जायच्या जरा आधी, उत्तर आलं. सोबत फोटो. त्याने लिहिलं होतं, आम्ही काहीच पुसत नाही, तुला ठाऊक असेल. खाली दोन ओळी होत्या. 'इतकी वर्षं मी हा फोटो कार्डासाठी उघडायचो आणि तो मध्ये येतो म्हणून चिडायचो. आज पहिल्यांदा कार्ड मध्ये येतंय.'

फोटो या खेपेला एकेक रेघ उतरला नाही, एकदम आला. नाक, डोळे, सदरा, सगळा दादा.

छापायच्या आधी मी दादाचा तो कॉम्प्युटरवरचा पुसायचा ब्रश हातात घेतला होता. म्हटलं, डाव्या गालावर पंख्याची पाती दिसतात, एवढी पुसून टाकावी, माणसं काय म्हणतील. पण पाती पुसली तर खाली दादाचा गालच निघेल याची मला खात्री वाटेना. ब्रश ठेवून दिला. मोठा करून छापला, फ्रेम केली, काच बसवली.

तेरवीला पाहुणे बसले होते. आत्या फ्रेमपुढे गेली, चष्मा वर सारला आणि सवयीप्रमाणे नाक काचेला टेकेल इतकी वाकली. बराच वेळ पाहत राहिली. मी हार हातात घेऊन मागे उभी.

"नाक आपल्याच घरचं हाय," ती म्हणाली. मग बोटाने काच चाचपली. "गालावर काय हाय व हे?"

"पंखा हाय आत्या. थे कार्ड बाजारात नव्हतं आलं अजून."

तिने मान हलवली, जणू हे उत्तर तिला पुरेसं होतं. पण तिथून हलली नाही.

"आन् हा असा सरळ काऊन पाहून राह्यला? जितेपणी कधी कोणाच्या कॅमेऱ्याकडं नाई पाह्यलं यानं."

"सरळच काढा लागते आत्या," मी म्हटलं. "तिरका काढला तं ओळखता येत नाई."